आत्याची फाईल

मे २०२४ मध्ये सुट्टीला कोल्हापूरला गेले तेव्हा आत्याच्या औषधांच्या डबीत रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या केलेल्या सापडल्या. डॉक्टरांनी डोस कमी केला का, असं विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरनं न्हाई, मी केलाय. महिनाभर पुरवायच्यात."

माझी आत्या सिनेमात काम करते. "करायची" म्हटलेलं तिला चालत नाही. तेव्हा वय वर्षं ७४. १९६६ साली, सोळाव्या वर्षी, जयप्रभा स्टुडिओत समूहनृत्यात तिसऱ्या रांगेत उभी राहिली, तेव्हापासून काम मिळेल तसं करत आली. तुम्ही तिला पाहिलं असेल, पण ओळखणार नाही. पाटलाच्या वाड्यात पाणी आणून देणारी, नायिकेच्या लग्नात रडणारी, पुढे सासू, मग आजी. मूलबाळ नाही, काका १९७९ मध्ये गेले. शुक्रवार पेठेत दोन खोल्या आहेत, त्या तिच्या स्वतःच्या. तेवढंच.

त्या रात्री मी राज्य सरकारच्या कलावंत मानधन योजनेची माहिती काढायला बसले. पुढचं वर्षभर जे झालं ते क्रमानं लिहून ठेवतेय. कारण सुरुवातीला मला कोणी धड सांगणारं मिळालं नव्हतं, आणि असे कलाकार महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत.

योजना जुनी आहे, १९५४-५५ पासूनची. लोक अजून "वृद्ध कलावंत मानधन" म्हणतात. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलंय. पूर्वी अ, ब, क अशा श्रेण्या होत्या आणि श्रेणीप्रमाणे रक्कम कमीजास्त मिळायची. एप्रिल २०२४ पासून सरसकट महिना ५,००० रुपये झाले. आम्ही अर्ज केला तेव्हाच्या अटी ढोबळमानानं अशा: वय ५० पूर्ण, दिव्यांगांना ४०, कलेत किमान १५ वर्षं काम, सगळ्या मार्गांनी मिळून वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, महाराष्ट्रात वास्तव्य, आणि दुसरी कुठली सरकारी पेन्शन चालू नको. एका जिल्ह्यात वर्षाला १०० जणांची निवड होते. नियम बदलत राहतात, तेव्हा तुम्ही भराल त्या वेळचा शासन निर्णय वाचूनच भरा. गल्लीतल्या "माहितगार" माणसानं मला सांगितलेल्या पाच गोष्टींतल्या तीन जुन्या निघाल्या.

पहिली अडचण खुद्द आत्या. "मी कुणाच्या दारात भीक मागायला आलो न्हाई आजवर," म्हणाली. (आमच्या कोल्हापुरात बाया "आलो-गेलो"च म्हणतात, ते मी तसंच ठेवलंय.) दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "मानधन म्हणत्यात का पेन्शन?" मानधन, म्हटलं. "मग हरकत न्हाई. मान आधी, धन मागनं."

घरात याबाबत थट्टा झाली, तीही सांगते. माझा भाऊ म्हणाला, पंधरा वर्षांचा पुरावा? तिनं अठ्ठावन्न वर्षं काम केलंय, पुरावे ठेवायला जागा पुरणार नाही. मलाही तसंच वाटत होतं.

आत्याची लोखंडी ट्रंक उघडली आणि पोटात गोळा आला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ती सहा दिवस शाळेच्या वर्गात राहिली, आणि ट्रंक खाली पलंगाखाली. आम्ही तेव्हा भांडी, गाद्या, फ्रीज यांचं बघितलं. ट्रंक कोणी उघडलीच नव्हती. तिनंही नाही. आत फोटोंची एकच वीट झाली होती. एकमेकांना चिकटलेले, कडेनं काळे पडलेले. सोडवायला गेलं की चेहरा वरच्या फोटोच्या पाठीवर निघून यायचा. करारपत्रं तर नव्हतीच. "आमच्याशी कोण करार करणार? मुकादम सांगायचा, उद्या सात वाजता ये, नऊवारी घेऊन ये." १९६६ मध्ये रोज पाच रुपये आणि दुपारचं जेवण मिळायचं.

ती वीट घेऊन आत्या ओट्यावर बसली आणि अंदाजानं सांगत राहिली, हा अमक्या शूटिंगचा असणार, हा पन्हाळ्यावरचा. मी वही काढली. पुढचे चार रविवार मी फक्त लिहून घेतलं. पुरावा नंतर शोधू, आधी काय शोधायचं ते तरी कळू दे, एवढाच विचार होता. ही युक्ती मी सगळ्यांना सांगते: अर्जाला हात लावण्याआधी माणसाला बोलतं करा आणि साल, काम, भूमिका, सोबत कोण होतं, असा तक्ता करा. सालं आठवत नाहीत, पण "तुझ्या बापाच्या लग्नाच्या वर्षी" हे आठवतं. त्यावरून साल काढता येतं.

त्या वहीतनं मला जी बाई दिसली ती मला माहीत नव्हती. तमाशापटांची लाट होती तोवर नाचात कामाला तोटा नव्हता. "जयश्री गडकर पण आधी समूहातच नाचायच्या," हे तिचं आवडतं वाक्य. १९७३ मध्ये फळीवर पाय घसरला आणि उजवा गुडघा गेला. नाचाचं काम त्याच दिवशी बंद. आठ महिने घरात होती. मग एका रंगभूषाकारानं तिला ललिता पवारांची गोष्ट सांगितली. १९४२ मध्ये चित्रीकरणात सहकलाकाराची थोबाडीत जोरात बसली, चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, तीन वर्षं उपचार चालले, आणि डावा डोळा बारीक झाला तो झालाच. नायिकेची कामं संपली. त्याच डोळ्यानं बाईंनी पुढं सासू अशी उभी केली की सबंध देशातल्या सुना त्यांना घाबरल्या. सत्तरी ओलांडल्यावर टीव्हीवरची मंथराही त्यांनीच केली. तो रंगभूषाकार आत्याला म्हणाला, "त्यांचा डोळा गेला तर त्या सासू झाल्या. तुझा गुडघा गेलाय. तू उभ्या उभ्यानं करायची कामं घे."

तेविसाव्या वर्षी ती वहिनी झाली. तिशीत आई. तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या नायकाची आई. "हिरोईन धा वर्षांत म्हातारी हुती आन् घरात बसती. आम्ही पयल्यापास्नं म्हातारं, आम्हाला काय भ्या?" काका गेले तेव्हा पाच वर्षं थांबली, परत आली. मराठी सिनेमाचं काम मुंबई-पुण्याकडे सरकलं तेव्हा लोकनाट्याच्या गाडीबरोबर गावोगाव फिरली. ते दौरे कमी झाले तेव्हा तीन वर्षं एका वसतिगृहात पोळ्या लाटल्या, आणि हे तिनं वहीत लिहू दिलं नाही. "ती माझी कला न्हवं." मग कोल्हापुरात मालिकांची चित्रीकरणं सुरू झाली आणि ६६ व्या वर्षी तिला आजीचं काम मिळालं. दिवसाला ८०० रुपये, हातात यायला तीन महिने. टीव्हीत पैसे साधारण नव्वद दिवसांनीच येतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. लोकांना वाटतं टीव्हीवर दिसते म्हणजे बाई मजेत आहे.

असो. कागद.

उत्पन्नाचा दाखला काढायला आम्ही २ जुलै २०२४ ला सेतू केंद्रात गेलो आणि अख्खं कोल्हापूर तिथं आलेलं. लाडकी बहीण योजना चारच दिवसांपूर्वी जाहीर झाली होती. रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर. एका मुलीनं आत्याला विचारलं, "आजी, तुमचं पण लाडकी बहीणचं का?" आत्या म्हणाली, "त्याला वयाची अट हाय. मी कुणाची लाडकी बहीण व्हायचं वय गेलं." त्या दिवशी नंबर लागलाच नाही. आठ दिवसांनी परत गेलो, फी ३४ रुपये, दाखला हातात यायला अजून सोळा दिवस, कारण मध्ये पाणी आलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली आणि आत्याला माझ्या चुलतभावाकडे उचगावला हलवावं लागलं. या वेळी ट्रंक आधी हलवली.

मी पुण्यात नोकरी करते. सरकारी कचेऱ्या शनिवारी बंद असतात हे मला या वर्षी अंगावर कळलं. या एका अर्जासाठी माझ्या ११ रजा गेल्या. तुम्हाला शक्य असेल तर गावातल्या गावात एखादा भाचा-पुतण्या धरा आणि त्याला सगळ्या कागदांचे फोटो पाठवून ठेवा.

खरा घोळ नावांचा. आत्याची नावं तीन. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि पडद्यावरचं तिसरंच, कारण पहिल्याच सिनेमात तिच्या नावाची आणखी एक मुलगी होती आणि व्यवस्थापकानं जागेवर बारसं केलं. म्हणजे पुरावे एका बाईचे, अर्ज दुसरीचा, जन्मतारीख तिसरीची. एका वकिलानं राजपत्रात नाव बदलायला सांगितलं. पण बदलायचं काय? तिला तर तिन्ही हवी होती. शेवटी दुसऱ्या एका ओळखीच्या वकीलबाईंनी साधा मार्ग दाखवला: "या तिन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र, सोबत विवाह नोंदणीचा उतारा. आणि एक महत्त्वाचं. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. मी अज्ञानानं स्टँप पेपर घ्यायला निघाले होते, त्यांनी अडवलं. साध्या कागदावर झालं. टायपिंगचे ८० रुपये. "दुसरी कोणतीही पेन्शन घेत नाही" हे दुसरं प्रतिज्ञापत्र त्याच फेरीत करून घेतलं.

मग पुरावे. ऑगस्टचा सगळा महिना मी रात्री जुने मराठी सिनेमे पाहत बसले. यूट्यूबवर खूप आहेत, कुणीकुणी चढवलेले, रंग उडालेले, मधली रिळं गायब. वहीतल्या तक्त्याप्रमाणे एकेक सिनेमा लावायचा, श्रेयनामावली थांबवून वाचायची. एकूण २३ सिनेमे सापडले. तिचं नाव फक्त सहांत. बाकी ठिकाणी "आणि इतर". मला राग आला तितका तिला आला नाही. ती माझ्या फोनच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणायची, "ही बघ मी. न्हाई न्हाई, डावीकडची. लुगडं माझं सोताचं हाय ते." एका सिनेमात ती सात सेकंद दिसते. मी ते सात सेकंद नऊ वेळा पाहिले. तेव्हाची आत्या माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान आहे.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी: नुसता चेहऱ्याचा फोटो पुरत नाही. सिनेमाचं नाव दिसणारी चौकट, श्रेयनामावलीची चौकट आणि चेहऱ्याची चौकट, तिन्ही एका पानावर घ्या, खाली मिनिट-सेकंद लिहा. नावाची चौकट नसेल तिथं त्या कामातल्या कोणाचं तरी पत्र जोडा. आम्हाला तिघांची पत्रं मिळाली. एक कॅमेरा विभागातले गृहस्थ, वय ८१, इचलकरंजीला. हात थरथरतो म्हणून पत्र सुनेनं लिहिलं, सही त्यांनी केली, आणि सहीला दहा मिनिटं लागली. दोघांचं त्या दिवशी पत्रापेक्षा बोलणंच जास्त झालं. कोण गेलं, कोण राहिलं. येताना बसमध्ये आत्या काहीच बोलली नाही.

नाटक-लोकनाट्याच्या वर्षांसाठी हस्तपत्रिका आणि जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती चालतात. मी ग्रंथालयात तीन सोमवार फायली उलगडल्या. धुळीनं शिंका आल्या आणि चार जाहिराती मिळाल्या. झेरॉक्सवर ग्रंथपालांचा शिक्का आणि तारीख आठवणीनं घ्या.

सगळ्यात भक्कम कागद मात्र सापडला तो देवघरात. गणपतीच्या तसबिरीची मागची फळी निघाली म्हणून नवी मारायला घेतली, तर आत प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचं चित्रपट महामंडळाचं जुनं सभासद कार्ड. फोटोसकट. तसबीर भिंतीवर उंच होती, पाणी तिथवर पोचलं नव्हतं. "मी ठिवलं व्हतं व्हय तिथं?" म्हणून ती स्वतःच चकित. कार्डावर पडद्यावरचं नाव आणि कंसात सासरचं. जे सिद्ध करायला मी दोन महिने धावत होते ते एका कंसात होतं.

सप्टेंबरच्या शेवटी अर्ज ऑनलाईन भरला. एकेक कागद स्कॅन करून चढवायचा, आकाराची मर्यादा पाळायची, हे मी रात्री अकरानंतर केलं, तेव्हा संकेतस्थळ जरा हलकं चालतं. पुराव्यांची मूळ फाईल क्रमांक घालून वेगळी तयार ठेवली: वर एक पानाचा तक्ता, साल, काम, भूमिका, पुरावा क्रमांक. छाननीत फोन आला तेव्हा पलीकडच्या ताईंनी त्या तक्त्यावरूनच प्रश्न विचारले. एकूण खर्च, माझा प्रवास सोडून, साधारण १,९०० रुपये. त्यातले निम्मे रंगीत प्रिंटचे.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. निवड समितीची बैठक त्या काळात होणार नव्हती, हे ओघानं आलंच. मी आत्याला तसं सांगितलं. तिचं एकच उत्तर, "शूटिंगमध्ये सकाळी सातला मेकप करून रात्री नवाला शॉट घेत्यात. वाट बघायचं मला शिकवू नगंस." पण ती दर दोन दिवसांनी फोन करायची, विषय दुसराच काढून. हवा कशी आहे पुण्याची, वगैरे. मी ओळखून होते.

जानेवारीत त्रुटी निघाली, ती आमची चूक. बँक खातं काकांच्या आणि तिच्या नावाचं जोडखातं होतं, पासबुकवर पहिलं नाव काकांचं. पंचेचाळीस वर्षांत ते काढायचं कोणाला सुचलं नाही. किंवा तिला काढायचं नव्हतं. मृत्यूचा दाखला, नवा फोटो, केवायसी, मग आधार जोडणी. बँकेत तिनं फॉर्मवर सही केली आणि विचारलं, "म्हंजे आता ह्यांचं नाव कुठंच न्हाई का?" काउंटरवरच्या मुलानं जुनं पासबुक रद्दचा शिक्का मारून तिलाच परत दिलं. ते नेहमी मागून घ्या. हे खातं मी पहिल्याच महिन्यात तपासायला हवं होतं. पाच आठवडे फुकट गेले.

मार्चअखेर यादीत नाव असल्याचं कळलं. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता, मग, "कुठलं नाव लिवलंय?" आधारवरचं, म्हटलं. "बरं. सिनेमातलं लिवायला पायजे हुतं."

३ जून २०२५ ला पहिले पैसे खात्यात आले. तिनं औषधाच्या दुकानात जाऊन तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणल्या, पूर्ण. उरलेल्यातून त्या इचलकरंजीच्या गृहस्थांना पेढे. त्यांचाही अर्ज आता आम्ही भरतोय. त्यांच्याकडे तर काहीच नाही, कॅमेऱ्यामागचा माणूस कोणत्याच चौकटीत दिसत नाही. त्यांच्यासाठी आत्यानं पत्र दिलंय. सही तिन्ही नावांनी केली, मी नको म्हणत असताना.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो विसरू नका. विसरलं की मानधन थांबतं. आणि मानधन घेणाऱ्याच्या पश्चात ते जोडीदाराला मिळू शकतं, तेव्हा अर्जात पती-पत्नीचा एकत्र फोटो मागतात तो कंटाळा न करता जोडा. आत्यानं त्या रकान्यात काय लावायचं विचारलं होतं. लागू नाही, असं मी लिहिलं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पाऊस लागला आणि पंचगंगा चढायला लागली तेव्हा मी पुण्याहून फोन केला, उचगावला जा म्हणून. ती म्हणाली, अजून पाणी घाटावर हाय, घाई नगं. ट्रंक? म्हटलं. "ट्रंक राहू दे खाली. फाईल गणपतीच्या माग ठिवल्या."